शस्त्रक्रियेच्या यादीतून दिसणारा मोठ्या आतड्याचा कर्करोग

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा लेखाजोखा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला एक आकडा वाचणाऱ्याला थबकवतो. रुग्णांचे सरासरी वय ४७.२ वर्षे होते. युरोप-अमेरिकेत हा आजार साठी-सत्तरीतल्या माणसांचा मानला जातो. सत्तेचाळीस हे मुलांच्या कॉलेजची फी, घराचे हप्ते आणि म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे एकाच पगारात बसवण्याचे वय आहे. या रुग्णांत ६५ टक्के पुरुष होते. सर्वांत जास्त गाठी मलाशयात, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या वीतभर भागात होत्या. १३ टक्के गाठी ‘सिग्नेट रिंग’ या जातीच्या निघाल्या. जगभरात या जातीचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. या जातीत पेशी चिकट द्रवाने फुगते आणि तिचे केंद्रक कडेला ढकलले जाते. अशी गाठ पोटाच्या अस्तरात लवकर पसरते आणि उपचारांना सहजासहजी दाद देत नाही.

हे आकडे काळजीत टाकणारे आहेत. पण ते नेमके कोणाचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टाटामध्ये येणारा रुग्ण लालबाग-दादरचा असतो, तसाच बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल आणि ईशान्येकडच्या राज्यांतलाही असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रस्त्याच्या कडेला पथारी पसरून तपासणीच्या तारखेची वाट पाहणारी कुटुंबे मुंबईकरांच्या ओळखीची आहेत. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, बुडालेली मजुरी, सोबत राहणारा एक धडधाकट माणूस, एवढे सगळे जमवून जो इथवर पोहोचतो तो बहुधा घरातला कमावता असतो. ऐंशी वर्षांच्या आजीला शौचावाटे रक्त जाते म्हणून तिला घेऊन मुंबईची गाडी पकडणारे कमीच. तेव्हा मोठ्या रुग्णालयाची नोंदवही आजाराचे चित्र दाखवते, आणि त्याच वेळी त्या आजारासाठी कोण घराबाहेर पडू शकले याचेही चित्र दाखवते.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास तर आणखी बारीक चाळणीतून आलेला असतो. यकृतात आणि फुप्फुसात आजार पसरल्यामुळे ज्यांना सर्जनने हात लावला नाही, ते त्यात नसतात. निदान ऐकून घरी परतलेले नसतात. मल गोळा करायला पोटावर पिशवी लावावी लागेल हे कळताच ‘त्यापेक्षा आहे तसं राहू दे’ म्हणून उठून गेलेलेही नसतात. अशा अभ्यासात तिसऱ्या टप्प्याचे रुग्ण जास्त आणि चौथ्याचे कमी दिसले, तर गावात चौथ्या टप्प्याचे लोक कमी आहेत असा अर्थ काढता येत नाही. ते शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आले नाहीत, एवढेच त्यावरून कळते. हे भान ठेवून वाचले, तर या नोंदींइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

कारण या आजाराबद्दल माणसाला जे कळले, त्यातले बरेचसे शस्त्रक्रियेच्या टेबलावरूनच कळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधले सर्जन विल्यम अर्नेस्ट माइल्स मलाशयाची गाठ त्या काळच्या रीतीप्रमाणे खालच्या बाजूने, गुदद्वाराकडून काढत असत. त्यांनी आपल्याच रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा ५७ पैकी ५४ जणांमध्ये कर्करोग परत आला होता. दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदने करून त्यांनी गाठ कुठल्या वाटेने पसरते ते शोधले. ती खाली पसरते, बाजूला पसरते आणि रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने वर पोटातही चढते. त्यावरून १९०८ मध्ये त्यांनी पोटातून आणि खालून अशी दोन्ही बाजूंनी करायची शस्त्रक्रिया ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. ती सुरुवातीला फार जीवघेणी होती. तरी पुढची अनेक दशके मलाशयाच्या कर्करोगावरचा मुख्य उपाय तीच राहिली. स्वतःच्या अपयशाची इतकी चोख मोजदाद करणारा सर्जन त्या काळात विरळाच होता, आणि या क्षेत्राची प्रगती त्या मोजदादीपासून सुरू झाली.

लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स हे पॅथॉलॉजिस्ट कापून काढलेले मलाशय टेबलावर उघडून ठेवत आणि गाठ भिंतीत किती खोल गेली, लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली का, हे तपासत. १९३२ मध्ये त्यांनी आपली वर्गवारी मांडली. ‘ए’ म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीतच आहे. ‘बी’ म्हणजे ती भिंत ओलांडून गेली आहे. ‘सी’ म्हणजे ग्रंथींत शिरली आहे. रुग्ण किती जगेल याचा अंदाज या तीन अक्षरांवरून बांधता येऊ लागला. आज टीएनएम ही जास्त तपशीलवार पद्धत वापरतात, पण तिचा सांगाडा ड्यूक्स यांचाच आहे. पॅथॉलॉजीच्या अहवालात किमान १२ लसिका ग्रंथी तपासलेल्या असाव्यात असा दंडक आहे, त्याचेही मूळ इथेच सापडते. पाचच ग्रंथी तपासून ‘एकातही कर्करोग नाही’ असे लिहिलेला अहवाल रुग्णाला दिलासा देतो, पण तो दिलासा पोकळ असू शकतो. कोणत्याही रुग्णालयाचा तक्ता हाती आला की आधी ग्रंथींचा रकाना पाहावा. सर्जनने किती मोकळेपणी काढले आणि पॅथॉलॉजिस्टने किती चिकाटीने शोधले, हे त्या एका आकड्यात उमटते.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते, आणि गाठ त्याच्या कुठल्या टोकाला आहे यावर रुग्णाची सारी कहाणी ठरते. उजवीकडचा भाग रुंद असतो आणि त्यातला मल अजून पातळ असतो. तिथली गाठ मोठी होईपर्यंत वाट अडवत नाही. ती थेंबथेंब रक्त गाळत राहते. ते मलात मिसळून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. माणूस दमतो, जिना चढताना धापा टाकतो, चेहरा फिका पडतो. डावीकडे आतडे अरुंद होते, मल घट्ट होतो. तिथली गाठ पोट साफ होण्याच्या सवयी बदलते, कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, आणि अखेर एके दिवशी वाटच बंद करते. मलाशयातली गाठ ताजे लाल रक्त दाखवते, पुन्हापुन्हा जावेसे वाटायला लावते, आणि जाऊन आल्यावरही आत काहीतरी राहिल्याची भावना मागे ठेवते.

आपल्याकडे उजव्या बाजूची गाठ दोन गोष्टींआड लपते. पहिली म्हणजे रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात पंचेचाळिशीच्या बाईचे हिमोग्लोबिन सात आले तर तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, पाळीची चौकशी होते, आणि आतड्याचा विचार बहुधा कोणाच्याच मनात येत नाही. पुरुषांतही हे प्रमाण २५ टक्के आहे, म्हणून तिथेही घंटा वाजत नाही. दुसरी गोष्ट क्षयरोग. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या कोपऱ्यात, पोटाच्या उजव्या खालच्या भागात, आतड्याचा टीबी होतो. तिथे गोळा लागतो, वजन उतरते, पोट दुखते, सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसते. कर्करोगही तिथे अगदी असाच दिसतो. बायोप्सी न घेता टीबीची औषधे सुरू केली आणि दोन-तीन महिने ‘फरक पडतोय का’ ते पाहिले, तर ते महिने गाठीला मिळतात. टीबी दुर्मीळ असलेल्या देशांतल्या पाठ्यपुस्तकांत या गोंधळाला फारशी जागा नाही. इथल्या सर्जनला मात्र तो वारंवार भेटतो.

आणि मूळव्याध. मलाशयाच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांबद्दल एकच गोष्ट सांगायची परवानगी मिळाली, तर ती हीच सांगावी लागेल. शौचावाटे रक्त गेले की माणूस स्वतःच निदान करतो, ‘मोड आला असेल’. घरचे म्हणतात, तिखट बंद कर. मेडिकलवाला मलम देतो. एसटी स्थानकाच्या भिंतीवर मूळव्याध, भगंदर, फिशर यांवर बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाजाची जाहिरात असते. तिथे जाऊन आल्यावर काही दिवस बरे वाटते, कारण मलाशयातल्या गाठीचे रक्तही मधूनमधून थांबते. या साखळीत कुठेतरी एखादा पदवीधर डॉक्टरही असतो. तोही लक्षण ऐकून गोळ्या लिहून देतो. टाटाच्या त्या ८०० रुग्णांमध्ये सर्वाधिक आढळलेले लक्षण रक्तस्रावच होते. म्हणजे आजाराने निम्म्याहून जास्त लोकांना डोळ्यांना दिसेल असा इशारा दिला होता.

या इशाऱ्याची शहानिशा करायला यंत्र लागत नाही. हातमोजा घालून, थोडे वंगण लावून बोटाने केलेली गुदमार्गाची तपासणी मिनिटभरात होते. बोट सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. मलाशयाच्या खालच्या भागातली टणक, खडबडीत, बोटाला रक्त लावणारी गाठ अनुभवी डॉक्टरच्या लगेच लक्षात येते. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्यांदा वॉर्डात गेलेल्या विद्यार्थ्यालाही ही तपासणी शिकवतात. तरीही ती टाळली जाते. ओपीडीत रांग असते, पडदा लावलेला कोपरा नसतो, रुग्ण लाजतो, डॉक्टरही संकोचतो. स्त्री रुग्ण आणि पुरुष डॉक्टर असतील तर विषयच निघत नाही. रुग्णाच्या जुन्या फाइलीत रक्त-लघवीचे रिपोर्ट असतात, सोनोग्राफी असते, क्वचित सीटी स्कॅनही असतो, आणि गुदमार्गाच्या तपासणीची एक ओळ शोधूनही सापडत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा कोणताही नवा भारतीय अभ्यास हाती घेणाऱ्याने पहिले रक्त दिसल्याची तारीख आणि पहिल्यांदा बोटाने तपासणी झाल्याची तारीख असे दोन रकाने ठेवावेत. या दोहोंमधले अंतर पाहिल्यावर टप्प्यांच्या तक्त्याचे निम्मे स्पष्टीकरण मिळून जाईल.

उशिराची किंमत जबर असते. अमेरिकेतील नोंदींनुसार गाठ आतड्यापुरतीच असताना सापडली तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण सातात एकाच्या आसपास येते. आतडे पूर्ण बंद होऊन पोट फुगलेल्या अवस्थेत रात्री तातडीने झालेली शस्त्रक्रिया आणि दिवस ठरवून, तयारीने केलेली शस्त्रक्रिया यांतही फार फरक पडतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा घरोघर पोहोचलेली असूनही या कर्करोगाचे सुमारे पाव रुग्ण तातडीच्या विभागातून सापडत आले आहेत. जिल्हा रुग्णालयात सर्जन असेल तर भूल देणारा डॉक्टर नसतो अशी अवस्था जिथे आहे, तिथे ही वाट आणखी खडतर असणार.

आता पुन्हा त्या सत्तेचाळीसकडे. ‘भारतात तरुणांना हा कर्करोग जास्त होतो’ असे वाक्य या आकड्यावरून सर्रास लिहिले जाते. ते घाईचे आहे. भारताच्या लोकसंख्येचे मध्य वय २८च्या आसपास आहे. ज्या देशात म्हातारेच कमी, तिथे कुठल्याही आजाराच्या रुग्णांचे सरासरी वय खाली येणारच. शिवाय पाश्चात्त्य देशांत साठीनंतर या आजाराचा दर उंच चढतो, तसा तो इथे चढत नाही. वयवार दर काढून पाहिले तर चाळिशीतल्या भारतीयाचा धोका चाळिशीतल्या अमेरिकनापेक्षा कमीच भरतो. एकूणातही भारत या आजाराच्या खालच्या पट्टीत आहे. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार जगात वर्षाला १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडले आणि नऊ लाखांहून जास्त माणसे दगावली. मृत्यूंच्या क्रमवारीत हा कर्करोग फुप्फुसाच्या खालोखाल आहे. भारतात मात्र दर लाखामागे चार-पाच एवढाच त्याचा दर आहे. लोकसंख्येच्या आकारामुळे तेवढ्या दरानेही दरसाल साठ-सत्तर हजार माणसे भरतात, हा भाग वेगळा.

असे दर रुग्णालयाच्या वहीतून मिळत नाहीत. त्यासाठी ठरावीक भागातल्या प्रत्येक कर्करोगाची नोंद ठेवणारी वही लागते. या बाबतीत महाराष्ट्राने मोठे काम केले आहे आणि ते पुरेसे ठाऊक नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दारा जसावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे समजावत, संशयित रुग्णांना रुग्णालयात आणत. बार्शीच्या खेड्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा दर मुंबईपेक्षा बराच खाली राहिला. अंतर चारशे किलोमीटरांचे, भाषा तीच, आणि तरी दर वेगळा. निदान न झालेले काही रुग्ण या फरकात नक्कीच असतील. पण राहणीमान बदलले की या आजाराचा दर बदलतो, हे जगात इतरत्रही दिसले आहे.

विल्यम हेन्झेल आणि मिनोरू कुरिहारा यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांचा अभ्यास मांडला. जपानमध्ये त्या काळी हा कर्करोग कमी होता. अमेरिकेत गेलेल्या जपानी माणसांत तो स्थानिक गोऱ्यांच्या दराकडे सरकला होता. रक्त तेच, वस्ती बदलली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांतही असेच दिसते. त्यांचा दर गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा कमी आणि मायदेशापेक्षा जास्त आहे. युगांडात अनेक वर्षे काम केलेले आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतल्या मिशन रुग्णालयांशी पत्रव्यवहार ठेवून तिथे कोणत्या शस्त्रक्रिया होतात याची माहिती गोळा केली. कोंड्यासकट धान्य खाणाऱ्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग जवळजवळ दिसतच नव्हता. १९७१ मध्ये त्यांनी चोथायुक्त आहाराचा सिद्धान्त मांडला. पुढची वाट सरळ नव्हती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत सुमारे दोन हजार लोकांना चार वर्षे चोथा जास्त आणि चरबी कमी असा आहार देऊनही पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या आणि पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी, पुन्हा होण्याचे प्रमाण घटले नाही. २००३ मध्ये युरोपातल्या पाच लाख लोकांच्या पाहणीत मात्र जास्त चोथा खाणाऱ्यांमध्ये कर्करोग कमी आढळला. चार वर्षे आणि आयुष्यभराची सवय यांतला हा फरक असावा. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज-बेकनसारखे प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा हिशेब आहे. भारतीय ताटात असे मांस फारसे नसते, म्हणून इथल्या रुग्णांचे कोडे तेवढ्याने सुटत नाही.

काही रुग्णांचे कोडे त्यांच्या घराण्यातच असते. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे ऑल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आपल्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात आणि आपणही तशाच जाऊ. ती तरुणपणीच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची वंशावळ काढून १९१३ मध्ये छापली. पुढे ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी अशी आणखी कुटुंबे शोधली, आणि १९९३-९४ मध्ये त्यामागची जनुके सापडली. लिंच सिंड्रोमच्या गाठी बहुधा उजव्या बाजूला आणि कमी वयात होतात. म्हणून पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर आई, मावशी, मामा, भावंडे यांचा आजार लिहिलेला हवा. आपल्याकडे ‘पोटाच्या आजाराने गेली’ एवढीच माहिती पुढच्या पिढीला मिळते. कर्करोगाचे नाव घरात घेतले जात नाही, आणि मुलीच्या लग्नाला अडचण येईल म्हणून तर मुळीच नाही. गाठीच्या तुकड्यावर एक साधी रासायनिक तपासणी केली की लिंचचा संशय धरता येतो. तिचा निकाल एका रुग्णापुरता राहत नाही, त्याच्या भावंडांनाही वेळेत दुर्बिणीखाली आणतो.

आजार सारखा, टप्पा सारखा, तरी एका सर्जनचे रुग्ण जगतात आणि दुसऱ्याचे पुन्हा गाठ घेऊन येतात, हेही या नोंदींनीच उघड केले. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मलाशयाभोवतीच्या चरबीच्या वेष्टनाकडे लक्ष वेधले. ते वेष्टन अखंड, नजरेसमोर, धारदार कापणीने बाहेर काढले तर तिथे गाठ परत येण्याचे प्रमाण कमालीचे घटते, हे त्यांनी आपल्या रुग्णांवरून दाखवले. हाताने ओरबाडून मलाशय सोडवण्याच्या जुन्या रीतीत त्या वेष्टनाचे तुकडे मागे राहत होते. १९८६ मध्ये लीड्सच्या फिल क्वर्क यांनी कापलेल्या भागाच्या आडव्या चकत्या करून कडेला राहिलेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, आणि हील्ड यांच्या म्हणण्याला पुरावा मिळाला. नॉर्वेने १९९३ पासून देशभरच्या सर्जनना हे तंत्र शिकवले, शस्त्रक्रिया मोजक्या रुग्णालयांत आणल्या, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. काही वर्षांतच जागच्या जागी गाठ परतण्याचे प्रमाण पंचवीस-तीस टक्क्यांवरून दहाच्या आसपास आले. औषध नवे नव्हते. हात शिकवले गेले होते.

गुदद्वाराच्या अगदी जवळच्या गाठीत स्नायू वाचवता येत नाही, आणि पोटावर कायमची पिशवी येते. तिच्याबद्दल शस्त्रक्रियेच्या तक्त्यांत एक टक्केवारी असते, बस. रुग्णासाठी तो रोजचा संसार असतो. पिशवीचा महिन्याचा खर्च, लोकलच्या गर्दीत ती गळेल ही धास्ती, शेतात पाण्याची सोय नसणे, देवघरात जावे की नाही हा मनातला पेच, नवरा-बायकोच्या नात्यात आलेला दुरावा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेचा भार उचलते. त्यानंतरची वर्षानुवर्षांची पिशवी मात्र बहुतेक घरांना स्वतःच पेलावी लागते. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियासारखी संस्था स्वतः पिशवी वापरणाऱ्या माणसांना नव्या रुग्णांशी बोलायला आणते. शस्त्रक्रियेआधी अशी भेट झाली तर नकार देऊन उठून जाणारे काही जण थांबतील.

शस्त्रक्रियेची यादी स्वतःही बदलते आहे. मलाशयाच्या गाठीला आधी रेडिएशन, ज्याला रुग्ण ‘शेक’ म्हणतात, आणि किमोथेरपी देऊन मग ऑपरेशन करण्याची पद्धत या शतकाच्या सुरुवातीपासून रुळली. त्यामुळे पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येणारी गाठ मूळ गाठ नसते, उपचारांनी आकसलेली असते. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या अँजेलिता हब्र-गामा यांनी २००४ मध्ये २६५ रुग्णांची माहिती दिली. त्यातल्या ७१ जणांची गाठ अशा उपचारांनी पूर्ण नाहीशी झाली होती, आणि त्यांनी त्या रुग्णांना ऑपरेशन न करता डोळ्यांत तेल घालून देखरेखीखाली ठेवले. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातून दोस्तारलिमॅब या औषधाचा निकाल आला. विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या मलाशयाच्या गाठींवर ते दिले गेले आणि पहिल्या १२च्या १२ रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेशिवाय विरघळली. असा दोष मलाशयाच्या थोड्याच गाठींत असतो, आणि औषध फार महाग आहे. पण यापुढे उपचारांना उत्तम प्रतिसाद देणारे रुग्ण शस्त्रक्रियेच्या यादीतून गळत जातील. उरलेली यादी वर्षागणिक जास्त अवघड गाठींची दिसेल. तेवढ्यावरून आजार बळावला असे म्हणता येणार नाही.

मग शोधायचे कोणाला? पॉलिपपासून कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे जातात. पॉलिप दुर्बिणीतून काढून टाकले तर कर्करोग टळतो, हे सिडनी विनावर यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले. त्याच वर्षी मिनेसोटातल्या ४६ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत दरवर्षी मलातले अदृश्य रक्त तपासणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. अमेरिकेने २०२१ मध्ये तपासणी सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणले. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची चाळणी आहे. दर इतका कमी असताना सरसकट सगळ्यांना दुर्बिणीखाली आणणे परवडणारेही नाही आणि शहाणपणाचेही नाही. पण ज्याला रक्त जाते, ज्याची शौचाची सवय सहा आठवड्यांहून जास्त बदललेली आहे, ज्या पुरुषाचे हिमोग्लोबिन विनाकारण घसरले आहे, त्याला तालुक्यापासून दुर्बिणीपर्यंत पंधरा दिवसांत पोहोचवणे शक्य आहे. लक्षण असलेल्या माणसाचा हा प्रवास छोटा करणे हेच इथले पहिले काम असायला हवे.

तरुण रुग्णांचा प्रश्न मात्र आकडेमोडीने पूर्ण मिटत नाही. अमेरिकेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांपेक्षा त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा दुप्पट आणि मलाशयाच्या कर्करोगाचा चौपट धोका आहे, असे २०१७ मध्ये रेबेका सीगल आणि सहकाऱ्यांनी मांडले. अभिनेता चॅडविक बोसमन २०२० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी गेला, तेव्हा हे आकडे घराघरांत पोहोचले. २०२५ मध्ये ‘नेचर’मधल्या एका अभ्यासाने ११ देशांतल्या ९८१ गाठींचे जनुकीय वाचन केले. आतड्यातले काही जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. त्याने डीएनएवर सोडलेले ठसे चाळिशीच्या आतल्या रुग्णांत सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त सापडले, आणि ते बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटलेले असावेत असा संशोधकांचा अंदाज आहे. हे बरोबर ठरले तर चाळिशीतल्या रुग्णाला त्याच्या आजच्या जेवणाबरोबरच जन्म कुठे झाला, लहानपणी पाणी कुठले प्यायले, आईचे दूध किती मिळाले, अँटिबायोटिक किती वेळा घेतले, हेही विचारावे लागेल. शस्त्रक्रियेपूर्वी भरल्या जाणाऱ्या केसपेपरवर सहसा या प्रश्नांना जागा नसते. ती करायला फार तर एक जादा पान लागेल, आणि उत्तरे देणारी रुग्णाची आई पुष्कळदा वॉर्डाबाहेरच बसलेली असते.